रात्रपाळीचं टपाल

सलग तीन रात्री माझ्या संगणकाने एका अनोळखी घरातल्या माणसांची झोप मोडली आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. चौथ्या रात्री मी योगायोगाने जागा होतो. मोडेमचा, म्हणजे संगणकाला फोनच्या लाइनीशी जोडणाऱ्या डब्याचा, स्पीकर एरवी बंद असायचा, पण त्या दिवशी काहीतरी तपासत होतो म्हणून चालू ठेवलेला. ठरल्या वेळी मोडेमने नंबर फिरवला, पलीकडे घंटा वाजली आणि ओळखीच्या शिट्टीऐवजी माणसाचा आवाज आला. "कोण आहे? अहो, बोला ना!" झोपेतला, वैतागलेला आवाज. मोडेमला माणसाची भाषा कळत नाही, तो आपला कॅरिअरची, म्हणजे पलीकडच्या मोडेमच्या सुराची, वाट पाहत गप्प. मी उडी मारून वायर उपटली.

चूक अर्थातच माझी. नंबरांच्या तक्त्यात दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती. टपालाची ने-आण करणारा मेलर प्रोग्राम इमानेइतबारे तो नंबर लावायचा, कॅरिअर मिळाला नाही की थोडा थांबायचा आणि पुन्हा लावायचा. दुसऱ्या दिवशी त्या घरी मी स्वतः फोन करून माफी मागितली. त्यांना काय झालं होतं ते समजावून सांगायला दहा मिनिटं लागली, आणि तरी ते पटलं असं वाटत नाही.

हे 1993 सालचं. तेव्हा मी फिडोनेट या जाळ्यातला एक नोड, म्हणजे एक संगणक, चालवत होतो. ज्यांनी हा प्रकार पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. 1978 मध्ये शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी पहिला बुलेटिन बोर्ड सुरू केला. एक संगणक, एक मोडेम, एक फोनची लाइन. कुणीही फोन लावायचा, आधीच्या लोकांचे निरोप वाचायचे, आपला निरोप ठेवायचा, फोन ठेवायचा. लाइन एकच असल्यामुळे एका वेळी एकच माणूस आत. 1984 मध्ये टॉम जेनिंग्जने असे बोर्ड रात्री एकमेकांना आपणहून फोन करतील आणि टपालाची देवाणघेवाण करतील अशी सोय केली. रात्री का, तर तेव्हा रात्री फोन स्वस्त असायचा. एवढ्या साध्या हिशेबावर फिडोनेटचं जगभर पसरलेलं जाळं उभं राहिलं, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्याला त्यात तीस हजारांहून जास्त नोड होते. त्यातले बहुतेक कुणाच्या तरी घरात, टेबलाखाली किंवा कपाटात ठेवलेले.

माझ्याकडे फोनची लाइन एकच. म्हणून दिवसा ती घरची आणि रात्री दहा ते सकाळी सहा बोर्डची. त्यातला एक तास झोनच्या, म्हणजे जाळ्यातल्या आमच्या विभागाच्या, टपालासाठी राखीव. त्या तासात बोर्डवर कुणाला प्रवेश नाही. फक्त नोडने नोडला फोन करायचा आणि खासगी पत्रं द्यायची. बाकी वेळात हबकडून, म्हणजे आम्हाला डाक वाटणाऱ्या नोडकडून, चर्चांचा गठ्ठा यायचा. या चर्चांना एको म्हणत. गठ्ठ्याच्या फाइलच्या नावाला वाराची दोन अक्षरं जोडलेली असत, म्हणजे नाव पाहूनच कळायचं की ही सोमवारची डाक आहे की मंगळवारची. सकाळी उठल्याबरोबर चहाच्या आधी मी लॉग वाचायचो. किती पाकिटं आली, किती वाटली, कोणाचं फोडता आलं नाही. टॉसर नावाचा प्रोग्राम पाकिटं फोडून पत्रं ज्या त्या कप्प्यात टाकायचा आणि माझ्या पुढच्या नोडसाठी नवी पाकिटं बांधायचा. पोस्टातलं सॉर्टिंग असतं तसंच.

आणि आम्ही पोस्टमनच होतो. पगार नाही, उलट फोनचं बिल आमच्याच खिशातून. पण पत्र अडलं तर कुठे अडलं हे मला माहीत असायचं, कारण प्रत्येक टप्प्यावर एक माणूस होता. आणि त्या माणसाचा फोन नंबर नोडलिस्टमध्ये. दर शुक्रवारी निघणारी ही यादी म्हणजे साधी मजकुराची फाइल: एका ओळीत एक नोड, त्याचं गाव, चालवणाऱ्याचं नाव, नंबर, मोडेमचा वेग. आख्ख्या जाळ्याचा नकाशा प्रत्येकाच्या हार्ड डिस्कवर. नियमावली होती, लांबलचक होती, पण लोकांच्या लक्षात त्यातल्या दोनच गोष्टी असत: दुसऱ्याला फार त्रास देऊ नका, आणि स्वतः सहजासहजी चिडू नका. दुसरी पाळणं जास्त कठीण, हे माझं तेव्हाही मत होतं.

इंटरनेटची पहिली ओळख या टपालातूनच झाली. काही नोड गेटवे, म्हणजे दोन जाळ्यांमधला दरवाजा, म्हणून काम करत. इंटरनेटवरच्या माणसाला लिहायचं तर पत्र त्या गेटवेच्या नोडवर 'यूयूसीपी' नावाच्या माणसाला पाठवायचं. असा माणूस अर्थातच नव्हता. खरा पत्ता मजकुराच्या पहिल्या ओळीत लिहायचा. मी एका विद्यापीठातल्या संशोधकाला एका प्रोग्रामबद्दल प्रश्न विचारला आणि पाचव्या दिवशी उत्तर आलं. मी हरखलो. पत्राच्या माथ्यावरच्या वेळा वाचल्या तेव्हा मात्र जरा खजील झालो. त्या गृहस्थाने माझं पत्र मिळाल्यावर नऊ मिनिटांत उत्तर लिहिलं होतं. बाकीचे सगळे दिवस आमच्या बाजूचे होते, आमच्या रात्रपाळ्यांचे.

1995 मध्ये मी एका सेवा देणाऱ्या कंपनीकडे शेल खातं घेतलं. म्हणजे त्यांच्या युनिक्स यंत्रावर आपण टर्मिनलसारखं बसायचं. इंटरनेटवर ते यंत्र असतं, आपण नसतो. तिथून मी फिनलंडमधल्या फुनेट या जाळ्याच्या फाइलींच्या संग्रहात शिरलो आणि एक फाइल मागितली. मिनिटभरात आली. कुठे आली, तर कंपनीच्या डिस्कवर! तिथून माझ्या घरी आणायला झेडमोडेम या फाइल पाठवायच्या पद्धतीने पाऊण तास. समुद्र ओलांडायला एक मिनिट आणि शेवटच्या काही किलोमीटरला पाऊण तास, हे गणित पचायला वेळ लागला.

मग ठरवलं की आपलं यंत्रच इंटरनेटवर न्यायचं. पुढचे दोन महिने मी जे भोगलं ते इथे जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण त्या काळातून गेलेल्यांपैकी अनेकांचा हा अनुभव असणार आणि तरी कुणी सांगत नाही.

विंडोज 3.1 मध्ये इंटरनेटची भाषा मुळात नव्हतीच. ती ट्रम्पेट विनसॉक नावाच्या प्रोग्रामने शिकवायची. पीटर टॅटमने लिहिलेला हा शेअरवेअर, म्हणजे आधी वापरा मग पैसे द्या असा, प्रोग्राम नसता तर माझ्यासारखे कित्येक जण किनाऱ्यावरच राहिले असते. त्यात पत्ता, नेमसर्व्हर, एमटीयू असे आकडे हाताने भरायचे. कंपनीकडे जोडणी होती स्लिप पद्धतीची, म्हणजे फोनच्या लाइनीवरून इंटरनेटची भाषा नेण्याच्या एका पद्धतीची. या स्लिपची व्याख्या करणारा 1988 चा दस्तऐवज मी कुतूहलाने वाचला, तर त्याच्या शीर्षकातच तिला 'नॉनस्टँडर्ड' म्हटलेलं! प्रामाणिकपणाबद्दल लेखकाला पैकीच्या पैकी गुण. दर वेळी लॉगिन झालं की पडद्यावर एक ओळ यायची, 'तुमचा पत्ता अमुक', आणि स्क्रिप्टने ती ओळ वाचून पत्ता उचलायचा. कंपनीने त्या ओळीतला एक शब्द बदलला की माझं इंटरनेट बंद. हे दोनदा झालं.

पण खरा छळ वेगळाच होता. जोडणी व्हायची, टेलनेट, म्हणजे दूरच्या यंत्रावर बसणं, चालायचं, छोटी पत्रं यायची. मोठी फाइल घ्यायला गेलं की मधेच सगळं थिजायचं. तीच फाइल दर वेळी त्याच जागी. दुसरी फाइल दुसऱ्या जागी, पण तीही दर वेळी तिच्याच जागी. काही फाइली सुरळीत यायच्या. मला आधी लाइन खराब वाटली. पण खराब लाइन इतकी नेमाने खराब नसते. मग सिरियल कार्डावर संशय घेतला. जुन्या कार्डातल्या चिपला एकाच अक्षरापुरती जागा असते, संगणकाला ते उचलायला उशीर झाला की पुढचं अक्षर त्याच्या डोक्यावर येऊन पडतं. सोळा अक्षरांची जागा असलेली 16550 चिप असलेलं कार्ड टाकलं. बाकी सगळं बरंच सुधारलं, थिजणं तसंच. कंपनीच्या मदतनीसाने सांगितलं, "मोडेम बदला." मीही वेडा, एका मित्राचा मोडेम आणून लावून पाहिला.

शेवटी एका रात्री मी शंभर अक्षरांची एक फाइल बनवली, ती नेटवर ठेवली आणि परत मागवली. मग त्यातलं एकेक अक्षर बदलत गेलो. आली, आली, आली, थिजली. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो, आणि अडला तो क्रमांक 19. ज्या फाइलीत 19 क्रमांकाचं अक्षर असेल ती तिथे अडकते! आणि मग डोक्यात प्रकाश पडला, कारण 17 आणि 19 हे आकडे मोडेमशी खेळणाऱ्याला पाठ असतात. 19 म्हणजे 'थांब', 17 म्हणजे 'चालू कर'. कंपनीच्या बाजूला प्रवाह थोपवण्याची ही जुनी, अक्षरांनी सांगायची पद्धत चालू राहिली होती. माझ्या फाइलीतलं निरागस 19 पाहून त्यांचं यंत्र आज्ञाधारकपणे थांबायचं आणि 17 ची वाट पाहत बसायचं. स्लिपला ही अक्षरं वेष बदलून पाठवता येतच नाहीत. ती आपली फक्त दोन खास अक्षरं झाकते, बाकी जशीच्या तशी. मी कंपनीला फोन करून हे सांगितलं. पलीकडून, "बघतो." दोन आठवडे बघणं चाललं. मग त्यांनी पीपीपी ही जोडणीची दुसरी पद्धत सुरू केली, त्यात कोणती अक्षरं झाकायची हे दोन्ही बाजू आधीच ठरवतात, आणि पत्ताही आपोआप मिळतो. त्या दिवसापासून माझ्या घरी इंटरनेट आलं असं मी धरतो.

अशा अक्षरखाऊ गमती फिडोतही होत्या, हे न्यायाने सांगायला हवं. फिडोच्या मूळ नियमात 141 क्रमांकाचं अक्षर म्हणजे ओळीचा मऊ शेवट, त्याकडे दुर्लक्ष करायचं. आणि रशियन लोकांच्या डॉसच्या कोडपेजात, म्हणजे अक्षरांच्या क्रमांकांच्या तक्त्यात, नेमकं त्याच जागी त्यांचं मोठं 'न' अक्षर! त्यांच्या पत्रांतून ते गळून पडायचं. म्हणून ते त्याजागी दिसायला तसंच असलेलं रोमन 'एच' टाकत. बिचारे.

आता माझ्याकडे दोन्ही जगं होती आणि फोनची लाइन एकच. रात्री दहाला बोर्ड सुरू करायचा तर दहाला नेटवरून उठायला हवं. आधी वेळेवर उठायचो. मग साडेदहा झाले, अकरा झाले. नेहमी फोन करणाऱ्या लोकांना लाइन गुंतलेली मिळू लागली. एकदा एका मुलाने बोर्डवर निरोप ठेवला, "काका, अकरानंतर उघडता का आता?" उत्तर काय देणार! त्याच्यासाठी मी आठवडाभर दहाला उघडला. नंतर तोच येईनासा झाला. त्यालाही इंटरनेट मिळालं होतं.

1997 मध्ये फिडोची डाक फोनऐवजी इंटरनेटवरून नेता येते हे कळलं. दिमा मालोफची बिंकपी पद्धत आणि बिंकडी हा छोटासा प्रोग्राम. पोर्ट 24554, म्हणजे यंत्रातलं त्याचं ठरलेलं दार. मी एका सतत जोडलेल्या नोडला विनंती केली, त्यांनी पासवर्ड दिला, आणि ज्या गठ्ठ्याला फोनवर वीस मिनिटं लागायची तो चुटकीसरशी आला. अडचण एकच: माझा पत्ता दर जोडणीला बदलायचा, त्यामुळे मला कुणी हाक मारू शकत नव्हतं. मीच दारात जाऊन विचारायचं, आहे का काही? म्हणून मी नेटवर असताना दर पाच मिनिटांनी विचारणारी स्क्रिप्ट लिहिली. हौस.

ही हौस महागात पडली. आमचा एक एको मी एका न्यूजग्रुपशी, म्हणजे इंटरनेटवरच्या चर्चेच्या फळ्याशी, जोडला होता. इकडची पत्रं तिकडे, तिकडची इकडे. फिडोच्या पत्राच्या पोटात लपलेल्या ओळी असतात: पत्राचा ओळखक्रमांक, ते कुणाकुणाकडे पोचलं त्यांची यादी. इंटरनेटवर त्या घाणेरड्या दिसतात म्हणून माझी स्क्रिप्ट त्या खरवडून काढायची. सहा महिने काही बिघडलं नाही. पण ज्या नव्या नोडकडून मी आता डाक घेत होतो, तोही तोच एको त्याच न्यूजग्रुपशी जोडत होता, आणि मी ते विचारलंच नव्हतं. रविवारी दुपारी माझं पत्र न्यूजग्रुपात गेलं, तिथून त्यांच्या गेटवेतून एकोत आलं, एकोतून माझ्याकडे. ओळखीच्या सगळ्या खुणा मी स्वतःच पुसलेल्या, म्हणून माझ्या यंत्राला ते नवं कोरं पत्र वाटलं आणि त्याने ते पुन्हा न्यूजग्रुपात टाकलं. तासाभरात चाळीस पत्रांची चारशे झाली.

हीच चूक फोनवरच्या टपालात झाली असती तर एक फेरी पूर्ण व्हायला एक रात्र लागली असती. सकाळी लॉग वाचताना माझ्या लक्षात आलं असतं. इथे मी ब्राउझरमध्ये चित्रं उघडण्याची वाट पाहत बसलो होतो आणि मागे माझं यंत्र दर पाच मिनिटांनी चाळीस पत्रं जगभर भिरकावत होतं. पलीकडच्या नोडवाल्यांनी मला फोन लावला. लाइन गुंतलेली, कारण मी नेटवर. त्यांनी ईमेल केली. ती त्या पुरात बुडाली. शेवटी त्यांनी माझा पासवर्ड बदलून दार बंद केलं आणि माझ्या पडद्यावर 'पासवर्ड चुकीचा' असं आलं, तेव्हा मला शंका आली. मी नेट तोडलं त्या क्षणी फोन वाजला.

"अहो, काय चालवलंय?"

मी सगळं ऐकून घेतलं. ते चिडले होते, पण बेताने. नियमावलीतली दुसरी ओळ त्यांनी पाळली असं म्हणू. न्यूजग्रुपातल्या लोकांकडून मात्र पुढचे चार दिवस मला शिव्यांची पत्रं येत होती, आणि त्यातल्या एकालाही मी ओळखत नव्हतो. बऱ्याच जणांनी स्वतःचं खरं नावही लिहिलं नव्हतं. फिडोच्या बहुतेक एकोंत खऱ्या नावाशिवाय लिहायला बंदी असे. त्यामुळे शिवी खाण्यातही एक ओळख असायची.

गेटवे मी बंद केला. दुरुस्त करता आला असता, ओळखक्रमांक लपलेल्या ओळीत जपून ठेवायचा, एवढंच. पण इच्छा गेली. शिवाय कुणाला गरजही उरली नव्हती. ज्याला न्यूजग्रुप वाचायचे तो सरळ तिथे जात होता. मधल्या पोस्टमनचं आता कुणाला काम नव्हतं, हे मला त्या चारशे पत्रांपेक्षा जास्त झोंबलं. एक सांगतो, नोडलिस्टसारखी एकच यादी सगळ्यांकडे असणं ही पद्धत इंटरनेटच्या पूर्वजांनीही वापरून पाहिली होती. सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एका फाइलीत असत आणि ती फाइल सगळे उतरवून घेत. ती पुरेना म्हणून 1983 मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या, अनेक यंत्रांत वाटलेल्या यादीची रचना मांडली. म्हणजे आमची पद्धत त्यांनी केव्हाच टाकून दिलेली.

1998 च्या सुरुवातीला लॉगमध्ये आठवड्याला तीन फोन दिसू लागले. त्यातला एक माझाच, चाचणीचा. मी आमच्या भागातल्या फिडोच्या समन्वयकाला लिहिलं: माझ्या ओळीतला फोन नंबर काढा, बिंकपीची खूण टाका. पुढच्या शुक्रवारी यादी बदलून आली. बोर्डच्या स्वागताच्या पानावर दोन ओळी लिहिल्या आणि महिनाभर ठेवून मोडेमचं आपोआप फोन उचलणं बंद केलं. घरच्यांना आनंद झाला. रात्री दहानंतर फोन पुन्हा घरचा.

साधारण तीन आठवड्यांनी पहाटे फोन वाजला. दचकून उठलो, त्या वेळी येणारा फोन चांगला नसतो. उचलला तर कुणी बोलेना. थोड्या थोड्या वेळाने बारीक पिक्, पिक् आवाज. ठेवला. अर्ध्या तासाने पुन्हा. दुसऱ्या रात्री तेच. कुणाचा तरी मेलर जुन्या यादीवर चालत होता आणि कॅरिअर मिळत नाही म्हणून नेमाने पुन्हा पुन्हा लावत होता. "हा कोण बाई सारखा?" घरातून विचारणा झाली. मी काय सांगणार? मला ते पाच वर्षांपूर्वीचं घर आठवलं.

तिसऱ्या रात्री मी मोडेम लावून तयार बसलो. घंटा वाजली, मोडेमला एटीए, म्हणजे 'फोन उचल', असा हुकूम दिला, दोन्हीकडून शिट्ट्या झाल्या, पडद्यावर पलीकडच्या नोडचं नाव उमटलं. जुनी ओळख. एक छोटं पाकीट आलं, एक किलोबाइटसुद्धा नसेल. पत्रात लिहिलं होतं की महिनाभर तुमच्याकडून काही नाही, नोड बरा आहे ना, तुमच्या नावाची डाक माझ्याकडे पडून आहे, येऊन घेऊन जा. त्यांच्याकडे इंटरनेट नव्हतं.

उत्तर लिहिलं. मग जुना तक्ता उघडून त्यांचा नंबर दोनदा पडताळून पाहिला, स्पीकर चालू ठेवला, आणि मोडेमला म्हटलं, लाव.